शैवालावरचा पांढरा जाळीदार थर कोणत्या ब्रायोझोआचा, हे कसे ओळखावे?

आपण ठाण्याहून विचारले आहे की, मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावरून आणलेल्या सरगॅसम या तपकिरी समुद्रशैवालाच्या पात्यांवर पांढरट, जाळीदार थर दिसतो, मोबाइलमधील ॲप त्याला ‘मेंब्रानिपोरा मेंब्रानेसिया’ म्हणते, तर हे नाव ग्राह्य धरावे का. वर्णनावरून तो ब्रायोझोआच, म्हणजे वसाहत करून राहणाऱ्या बारीक जलचर प्राण्यांचाच, असावा, परंतु त्या नावाविषयी मला शंका आहे. ही जाती थंड समुद्रातील केल्प या मोठ्या तपकिरी शैवालावर पसरण्यासाठी प्रसिद्ध आहे आणि आपल्या उष्ण किनाऱ्यावर केल्प वाढतच नाही. शिवाय वरचा भाग केवळ पातळ पडद्याचा असलेली कितीतरी रूपे पूर्वी मेंब्रानिपोरा या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) जमा केली जात असत, त्यामुळे जुन्या याद्यांतील हे नाव सावधपणेच वाचावे लागते.

थराचा एकंदर आकार पाहून ओळख ठरवू नये. वसाहत अरुंद पात्यावर पट्टीसारखी वाढते, तर रुंद पात्यावर गोल पसरते, आणि जाती तीच असू शकते. पाहायचा असतो तो एकेक जीवक, म्हणजे झूइड, जो बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. घड्याळजीकडे असते तसले दहापट भिंग पहिल्या तपासणीला पुरते. पुढच्या कामासाठी स्टिरिओ मायक्रोस्कोप हवा.

प्रथम गण ठरवावा. टोकाशी गोल, झाकण नसलेले तोंड असलेल्या चुनखडीच्या नळ्या दिसल्या तर तो सायक्लोस्टोम. चुनखडी अजिबात नसेल आणि थर मऊ किंवा चिवट असेल तर टेनोस्टोम. शेजारी शेजारी रचलेल्या पेट्या आणि प्रत्येकीच्या तोंडाला उघडझाप करणारे झाकण दिसले तर तो चिलोस्टोम, आणि आपला नमुना बहुधा याच गणातला निघेल. सुटे, शंखासारखे वळलेले पांढरे ठिपके मात्र स्पायरॉर्बिस गटातील कृमींच्या नळ्या असतात. नवशिके त्यांच्याशी हमखास गल्लत करतात.

चिलोस्टोममध्ये खरे काम सुरू होते. पेटीचा वरचा भाग नुसता पडद्याचा आहे, की त्यावर चुनखडीचे कवच चढले आहे, हे पाहावे. याच फरकावर अनुक्रमे ॲनास्का आणि ॲस्कोफोरा असे जुने विभाजन उभे होते. तसे कवच निरनिराळ्या वंशांत स्वतंत्रपणे उत्पन्न झाल्याचे दिसून आल्याने हे विभाजन आता वर्गीकरण म्हणून टिकलेले नाही, पण टेबलावर निरीक्षण करताना अजूनही सोयीचे पडते. त्यानंतर काटे, अंडी उबवणारी ओव्हिसेल नावाची टोपी, आणि पक्ष्याच्या चोचीसारखा मिटणारा ॲव्हिक्युलेरियम हा बदललेला जीवक शोधावा. मेंब्रानिपोरा आणि इलेक्ट्रा या दोन्ही प्रजातींत ओव्हिसेल नसते, कारण त्यांची अंडी पाण्यात सोडली जातात आणि त्यांतून सायफोनॉटीस नावाची, स्वतः अन्न मिळवणारी अळी निघते. या दोहोंत फरक करण्यासाठी वसाहतीचा आरंभबिंदू गाठावा लागतो: मेंब्रानिपोराच्या कुळात पहिला जीवक जुळा असतो, इलेक्ट्राच्या कुळात एकटा. सरगॅसमवर, विशेषतः तरंगत आलेल्या सरगॅसमवर, जेलिएला ट्युबरक्युलाटा ही जातीही तपासावी. तिच्या जीवकांच्या कोपऱ्यांत चुनखडीचे उंचवटे असतात आणि ती पूर्वी मेंब्रानिपोरातच गणली जात असे. माझा पहिला अंदाज तिचाच आहे, पण तो यजमान शैवालावरून केलेला आहे, हे लक्षात ठेवावे.

नमुन्याचे दोन भाग करावेत. एक भाग ७० टक्क्यांहून तीव्र इथेनॉलमध्ये ठेवावा. फॉर्मॅलिन कालांतराने आम्लधर्मी होऊन चुनखडी खाते, म्हणून ते टाळावे. दुसऱ्या भागातील छोटा तुकडा हातमोजे घालून पातळ केलेल्या घरगुती ब्लीचमध्ये ठेवला की मांस विरघळून सांगाडा स्वच्छ होतो. मात्र त्यात व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. पडदा आणि झाकण ब्लीचने जातात, म्हणून त्यांची छायाचित्रे आधीच घ्यावीत.

आणखी नमुने ठाणे खाडीत मिळतील का, असेही आपण विचारले आहे. ऐरोली किंवा वाशीकडील चिखलात आणि तिवरांत सरगॅसम रुजत नाही. त्याला खडक आणि खारे, तुलनेने स्वच्छ पाणी लागते. खाडीत ब्रायोझोआ शोधायचेच असतील तर जेट्टीचे खांब आणि बोटींचे तळ पाहावेत, परंतु तेथील जाती आपल्या प्रश्नातील जातींहून वेगळ्या असतील.

पुढील छायाचित्रे टाकाल तेव्हा तीन जागा दाखवाव्यात: वसाहतीचा आरंभबिंदू, वाढती कडा आणि मधला एकच जीवक, प्रत्येकी मोजपट्टीसह. त्यांवरून मी प्रजातीपर्यंत नाव सांगू शकेन. जातीसाठी मात्र स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची प्रतिमा लागण्याचीच शक्यता अधिक आहे.