सूर्योदयाची वेळ काढताना सुरुवातीला एवढे सांभाळा

भाऊ, कमांड लाइनवरून सूर्योदय-सूर्यास्त काढायला पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील पायईफेम (PyEphem) हे खगोलगणिताचे तयार सॉफ्टवेअर पुरेसे आहे. चंद्र, ग्रहणे आणि संधिप्रकाश यांकडे आत्ताच वळू नका. नवख्यांच्या बहुतेक चुका अक्षांश-रेखांश देतानाच होतात. जळगावसाठी अक्षांश २१.०१ आणि रेखांश ७५.५६ हे आकडे अवतरणचिन्हांत लिहा, कारण अवतरणचिन्हांविना दिलेला आकडा पायईफेम अंश न मानता रेडियन (कोन मोजण्याचे दुसरे एकक) मानते आणि उत्तर भलतेच येते. पूर्व रेखांश धन असतो, त्यापुढे उणे चिन्ह नको.

दुसरी चूक वेळेची. उत्तर भारतीय वेळेत नव्हे, जागतिक वेळेत (UTC) मिळते. २१ मार्चला जळगावचा सूर्योदय १:०२ च्या सुमारास दिसला तर गोंधळू नका, त्यात साडेपाच तास मिळवा, म्हणजे ६:३२ होतात. नंदुरबारला असाल तर जळगावचे आकडे मुळीच वापरू नका, तिथे सूर्य सुमारे पाच मिनिटे उशिरा उगवतो.

आलेली वेळ घरच्या पंचांगाशी अवश्य ताडून पाहा. तीन-चार मिनिटांचा फरक पडला तर आपलेच चुकले असे लगेच समजू नका. सॉफ्टवेअर सूर्यबिंबाची वरची कड क्षितिजावर आल्याचा क्षण देते आणि वातावरणातील अपवर्तनही (हवेतून येताना प्रकाशाचे वाकणे) हिशेबात घेते, तर काही पंचांगे बिंबाचा मध्य धरतात. हिशेब सपाट क्षितिजाचा असल्यामुळे सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत डोंगराआडचा सूर्य प्रत्यक्ष दिसायला याहून उशीर लागू शकतो.