पन्नास निकाल पाठ करण्याआधी एक खटला नीट वाच

(कोल्हापूरची एक विद्यार्थिनी पाच वर्षांच्या लॉ कोर्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकेत एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) करून तिला घटनात्मक कायद्यात काम करायचंय, त्यासाठी तिथल्या पन्नास गाजलेल्या निकालांची यादी ती पाठ करतेय. वडील म्हणतात, तिकडचे निकाल इथल्या कोर्टात काय कामाचे?)

तुझी चिकाटी पत्रातून दिसतेच. पण यादी सध्या बाजूला ठेव. पाठ केलेला निकाल उलटतो तेव्हा हातात काही उरत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1973 च्या रो निकालात दिलेला गर्भपाताचा घटनात्मक हक्क 2022 मध्ये डॉब्स खटल्यात त्याच न्यायालयाने काढून घेतला. निकाल कसा घडतो आणि कसा मोडतो, हे ज्याला कळतं तोच या क्षेत्रात टिकतो.

सुरुवात गिडियन खटल्यापासून कर. 1961 मध्ये फ्लोरिडातल्या पनामा सिटीत क्लॅरेन्स गिडियन या गरीब माणसावर पूल खेळायच्या अड्ड्यात घरफोडी केल्याचा आरोप आला. त्याने सरकारी खर्चाने वकील मागितला. न्यायाधीश म्हणाले, देहदंडाचा गुन्हा असेल तरच मिळतो. गिडियनने स्वतःच बाजू मांडली, पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून त्याने पेन्सिलीने अर्ज लिहून सर्वोच्च न्यायालयाला पाठवला आणि 1963 मध्ये नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी त्याच्या बाजूने कौल दिला. खटला पुन्हा चालला, या वेळी वकील होता, साक्षीदाराची उलटतपासणी झाली आणि गिडियन निर्दोष सुटला.

इथे थांबू नकोस. याच प्रश्नावर 1942 मध्ये बेट्स खटल्यात न्यायालयाने उलट निर्णय दिला होता. तेव्हा न्या. ह्यूगो ब्लॅक अल्पमतात होते. एकवीस वर्षांनी गिडियनचा निकाल त्यांनीच लिहिला! म्हणून मी प्रत्येकाला सांगते, भिन्नमत, म्हणजे अल्पमतातल्या न्यायमूर्तींनी लिहिलेलं वेगळं मत, सोडून निकाल वाचू नका. शिवाय या निकालानंतर फ्लोरिडाने सरकारी बचाव वकिलांची यंत्रणा उभी केली, इतर राज्यांतही ती वाढली. आज तिकडे कित्येक तरुण वकिलांची पहिली नोकरी तिथेच असते.

मग ब्राउन. 1954 चा शाळांतल्या वर्णभेदाचा निकाल सगळ्यांना माहीत असतो, त्यामागची आखणी फार थोड्यांना. वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या वकिलांनी एकदम शाळांना हात घातला नाही. आधी लॉ कॉलेजांचे खटले लढवले, 1938 मध्ये मिसुरी, 1950 मध्ये टेक्सस, मग शाळा. आणि जिंकल्यावरही 1957 मध्ये लिटल रॉकला नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत पोचवायला लष्कर लागलं. वकिली शिकायची ती अशा खटल्यांतून. तिथल्या सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावण्यांचं ध्वनिमुद्रण 1955 पासून ठेवलं जातं. गिडियनचा युक्तिवाद ओयेझ या संकेतस्थळावर फुकट ऐकायला मिळतो.

बाबांना सांग, अमेरिकेचे निकाल आपल्यावर बंधनकारक नाहीत हे खरंच, पण नंदिनी सत्पथी खटल्यात (1978) आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मौनाच्या हक्काचा विचार करताना अमेरिकेच्या मिरांडा निकालाची (पोलिसांनी चौकशीआधी आरोपीला गप्प राहण्याचा हक्क सांगायलाच हवा, असं सांगणारा) सविस्तर चर्चा केली आहे. उपयोग होतो तो असा.

आता खर्चाचं बोलू. एलएलएम एका वर्षाचं, जेडी, म्हणजे तिथली वकिलीची मूळ पदवी, तीन वर्षांची. वकिलीचा परवाना तिथे राज्यागणिक वेगळा. परदेशी पदवीधर बहुधा न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियाकडे वळतात. तुझी पदवी चालते का, हे त्या राज्याच्या बार परीक्षा मंडळाकडून लेखी घे, मगच फी भर. नुसत्या एलएलएमवर तिथे घटनात्मक कायद्यातली नोकरी मिळणं अवघड आहे, त्या भरवशावर कर्ज काढू नका. पदवीनंतर निदान दोन वर्षं एखाद्या चांगल्या सीनियरकडे काम कर. 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच तुझ्या गावातच आहे.

तोवर बेट्समधलं ब्लॅक यांचं भिन्नमत आणि गिडियनचा निकाल शेजारी ठेवून वाच. कोणता मुद्दा तसाच राहिला, कोणता बदलला, यावर दोन पानं लिही आणि मला पाठव. तुझ्या एसओपीचं, म्हणजे प्रवेशअर्जासोबतच्या निवेदनाचं, त्यानंतर बघू.