अपडेट चालू असताना लाइट गेली, आता उबुंटूवर काहीच इन्स्टॉल होत नाही. 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' असं येतं. काय करू? (गुहागर)

फॉरमॅट मारू नका, एवढं काही झालेलं नाही. पॅकेजं, म्हणजे प्रोग्रामच्या फाइलींचे गठ्ठे, डिस्कवर उतरली; ती बसवणाऱ्या डीपीकेजी या प्रोग्रामकडून त्यांची जोडणी अर्धवट राहिली.

टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही कमांड द्या, अर्थात इंग्रजी छोट्या अक्षरांत. पासवर्ड टाकताना काही उमटलं नाही तर कीबोर्ड बिघडलाय असं समजू नका. ते संपलं की 'सुडो एपीटी इन्स्टॉल -एफ'. बहुतेक वेळा इथेच गाडी रुळावर येते.

'लॉक मिळत नाही' असं आलं तर लॉकची (एका वेळी एकानेच इन्स्टॉल करावं म्हणून लावलेल्या कुलपाची) फाइल उडवायचा सल्ला कुणीतरी देईलच. ऐकू नका. उबुंटू मागच्या मागे सुरक्षा अपडेट करत असतो, तेव्हा लॉक त्याच्याकडे असतं. चहा घेऊन या.

आमच्या दापोलीत जून ते सप्टेंबर लाइटचा भरवसा नाही, म्हणून मी आधी 'सुडो एपीटी अपग्रेड -डी' देतो. त्याने फाइली फक्त उतरतात. मध्येच लाइट गेली तरी पुढच्या वेळी बहुधा राहिलेलंच उतरतं. मग लॅपटॉपची बॅटरी भरलेली बघून, तीच कमांड '-डी' शिवाय. डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टर किंवा यूपीएस हवाच.