रंजक रेणू आणि सेंद्रिय गूळ

प्रश्न असा आलाय : "कोल्हापुरात एका कॉलेजच्या फलकावर व्याख्यानाचा विषय वाचला, 'प्रकाशशोषक सेंद्रिय रंजक रेणू आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे'. रेणू रंजक कसा काय असेल? आणि सेंद्रिय म्हणजे आपल्या सेंद्रिय गुळातलंच का?"

वाचून हसू आलं, पण शंका रास्त आहे. आधी 'रंजक' बघू.

संस्कृतातल्या 'रञ्ज्' धातूचा अर्थ रंगणे. कापड रंगतं तेही त्यातच आणि मन रंगतं तेही त्यातच. 'रक्त' म्हणजे मुळात रंगलेलं, त्यावरून तांबडं, आणि त्यावरून अंगातलं रक्त. अनुरक्त तो कुणाच्या तरी रंगात रंगलेला, विरक्त तो रंग उतरलेला. मराठीनं हा दुहेरीपणा अजून सोडलेला नाही. तोंडात विडा रंगतो आणि खासबागेत कुस्तीही रंगते. 'रंजक' मात्र बोलताना एकाच बाजूला कलला. रंजक किस्सा म्हणतो आपण, साडी रंगवायच्या पुडीला कुणी रंजक म्हणत नाही. म्हणून विज्ञानाच्या पुस्तकांत 'रंजकद्रव्य' लिहितात. फलक लिहिणाऱ्यानं त्यातलं 'द्रव्य' गाळलं आणि रेणू करमणूक करायला लागले.

मग सरळ 'रंगद्रव्य' का लिहू नये? तर तो शब्द दुसऱ्या मालासाठी आहे. जो रंग पाण्यात विरघळून धाग्यात मुरतो तो डाय, म्हणजे रंजकद्रव्य. जो विरघळत नाही, बारीक भुकटीच्या रूपात वर बसतो, तो पिगमेंट, म्हणजे रंगद्रव्य. इचलकरंजीत डाईंगला माल टाकणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. पण भिंत इतकी पक्की नाही, हे निळीनं, म्हणजे इंडिगोनं, दाखवून दिलंय. निळा रंगकण पाण्यात विरघळत नाही. त्यात कॉस्टिक आणि हायड्रोस घातलं की तो हिरवट-पिवळा होऊन विरघळतो, सुतात शिरतो, आणि सूत बाहेर काढून हवेवर धरलं की डोळ्यांदेखत निळं होतं. एकच रेणू, आत जाताना रंजकद्रव्य आणि आत बसल्यावर जवळजवळ रंगद्रव्य.

हायड्रोस हे नाव आपल्या भागात गुऱ्हाळावर जास्त ऐकू येतं. काहिलीतल्या रसाला उजळ पिवळा रंग यावा म्हणून घालतात तेच हे, सोडियम हायड्रोसल्फाइट. सेंद्रिय गुळात ते चालत नाही. तिथं मळी काढायला भेंडीचं पाणी. म्हणजे बाजारातला 'सेंद्रिय' हा शेतात आणि काहिलीत काय घातलं नाही ते सांगतो.

रसायनशास्त्रातल्या 'सेंद्रिय'चा याच्याशी काही संबंध नाही. इंद्रियासहित ते सेंद्रिय, असा तो शब्द बनला. इंद्रियं असलेल्या सजीवांतूनच मिळतात ती द्रव्यं, अशी जुनी समजूत होती. ती केव्हाच मोडली, शब्द राहिला. आता त्याचा अर्थ एवढाच की रेणूचा सांगाडा कार्बनचा आहे. त्या हिशेबानं हायड्रोस घातलेल्या गुळातली साखरही सेंद्रिय, आणि विल्यम पर्किन यानं १८५६ साली डांबरातल्या द्रव्यापासून केलेला जांभळा रंगही सेंद्रिय. माझं मत विचाराल तर इथं 'कार्बनी' लिहावं. दहावीच्या पुस्तकात 'कार्बनी संयुगे' असं प्रकरणच आहे, पोरांना शब्द माहीत आहे, आणि गूळही मध्ये येत नाही.

राहिला 'प्रकाशशोषक'. वरवर हा शब्द फुकटचा वाटतो, कारण प्रकाश शोषत नाही असा रंग कुठला? या रेणूंत कार्बनचे एकेरी आणि दुहेरी बंध आलटून-पालटून असतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन एका जागी अडकून न राहता लांबवर पसरतात आणि डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशातला एखादा पट्टा गिळतात. कापडावर आपण बघतो तो न गिळलेला, उरलेला प्रकाश. उपकरणात कामाचा असतो तो गिळलेला. म्हणून विशेषण राहू दे.

त्या गिळलेल्या प्रकाशाचं काय होतं ते घरातल्या जुन्या सीडीवर दिसेल. कोरी, आपण बर्न करायची ती सीडी उलटी धरा. खालचा हिरवट किंवा निळसर थर म्हणजे हाच रंग. हा थर लेसरचा प्रकाश गिळतो तिथं तापून खूण पडते. मोटारीच्या रंगात आणि प्लॅस्टिकात घालतात ते निळं कॉपर थॅलोसायनिन घेऊन चिंग टँग यांनी कोडॅक कंपनीत दोन थरांचा सौरघट केला, १९८६ साली तो छापून आला. प्रकाशातली जेमतेम एक टक्का ऊर्जा विजेत उतरली, पण वाट सापडली. १९९१ साली ओ'रेगन आणि ग्रेट्झेल यांनी टिटॅनियम डायऑक्साइडवर रंगाचा थर चढवून सात टक्क्यांच्या वर मजल मारली. टिटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगातलं रंगद्रव्य. म्हणजे एकाच घटात रंजकद्रव्य प्रकाश गिळून इलेक्ट्रॉन सोडतं आणि रंगद्रव्य तो झेलून पुढं तारेकडं धाडतं. दोघांना एकच शब्द वापरला तर हे वाक्य मराठीत लिहिताच येणार नाही.

तेव्हा फलकासाठी : 'प्रकाशशोषक कार्बनी रंजकद्रव्ये आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे'. लांब झालं, मान्य. फलक जरा मोठा घ्या.