मैत्रिणी पुढे गेल्या, मी आहे तिथेच

"सगळ्यांचं काही ना काही झालं. माझंच गाडं अडलंय." तिशी ओलांडलेल्या, मोठ्या शहरात स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या बायका समुपदेशनाला येतात तेव्हा बहुतेकींच्या बोलण्यात हे वाक्य कधी ना कधी येतंच. नोकरी बरी असते, तब्येत ठीक असते, डोक्यावर छप्पर असतं. तरी रात्री झोप लागत नाही, कारण कॉलेजातल्या मैत्रिणींचे फोटो डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

पुढची हकिगत अशाच एका बाईंची आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि दोन-तीन जणींचे अनुभव एकत्र केले आहेत.

वय 36. एका मोठ्या कंपनीत अंतर्गत हिशेब तपासणीचं काम, एकट्या राहतात. मैत्रिणी चार. एक विभागप्रमुख झाली. एकीने जाहिरातीतली नोकरी सोडून मातीच्या भांड्यांचा स्टुडिओ काढला. तिसरी दोन मुलांसाठी घरी थांबली. चौथी भाषांतराची कामं घेत देशोदेशी फिरते. यांना कंपनीने टीम लीडचं पद देऊ केलं होतं आणि उत्तर द्यायला महिनाभराची मुदत होती. प्रश्न त्यांनी असा मांडला: "मी हे पद घेऊ, सगळं सोडून काहीतरी स्वतःचं करू, की आधी मुलाचं बघू?"

हे तीन वेगळे प्रश्न आहेत, पण त्यांची मोळी बांधून आणली की एकाचंही उत्तर सापडत नाही. म्हणून सुरुवातीला निर्णयाला हात लावायचा नाही, आधी नुसती नोंद करायची. 14 दिवस, एक छोटी वही, चार रकाने: कधी, कोणाशी तुलना झाली, नेमकी कशाबाबत, आणि त्याआधीच्या तासाभरात काय चाललं होतं. नोंद त्याच वेळी करायची. रात्री आठवून लिहिली की फक्त सगळ्यात बोचलेलं तेवढं उरतं.

वहीत 31 नोंदी आल्या. त्यातल्या 22 रात्री दहानंतरच्या, बहुतेक अंथरुणात फोन हातात असतानाच्या. विषयवार पाहिलं तर पद आणि पगार फक्त 6 वेळा, फिरणं 3 वेळा, मूल 8 वेळा आणि स्टुडिओवाली मैत्रीण तब्बल 14 वेळा. ज्या पदाच्या निर्णयाने त्या इतक्या हैराण झाल्या होत्या, ते त्यांच्या हेव्याच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर होतं. हे त्यांना वही उघडेपर्यंत ठाऊक नव्हतं.

लिओन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये मांडलं होतं की जिथे मोजायला पक्कं माप नसतं तिथे माणूस स्वतःला दुसऱ्याशी ताडून पाहतो, आणि त्यासाठी आपल्यासारखीच माणसं निवडतो. आयुष्य नीट चाललंय का, याला माप नाहीच. म्हणून एखाद्या प्रसिद्ध नटीचा बंगला टोचत नाही. शेजारच्या बाकावर बसून त्याच परीक्षेला बसलेली मैत्रीण टोचते. मोठ्या शहरात तर अशा वाटा डझनाने दिसतात, आणि प्रत्येक वाटेवर ओळखीचं कुणीतरी पुढे असतंच. एकीचं पद, दुसरीची कला, तिसरीची मुलं, चौथीचं स्वातंत्र्य असे उत्तम तुकडे जोडून जी बाई तयार होते, ती अस्तित्वातच नसते. आपण मात्र तिच्याशी हरत राहतो.

यावर "तुलना करू नका" हा सल्ला कुचकामी आहे. तुलना थांबत नाही. ती पुरी करायला लावावी.

पुरी कशी करायची? मैत्रिणीचा अख्खा आठवडा मागायचा. "कसं चाललंय गं?" विचारलं की "मस्त" एवढंच ऐकू येतं. त्याऐवजी विचारायचं, "मागचा मंगळवार सकाळपासून झोपेपर्यंत सांग." मग चार प्रश्न: तुझं जे मुख्य काम, त्याला आठवड्यातले किती तास मिळतात? पैशाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट महिना कोणता होता आणि तो कसा निभावला? यातलं कुठलं काम उद्या दुसऱ्या कुणाला देऊन टाकशील? आणि हे जमावं म्हणून काय सोडावं लागलं? अर्धा तास पुरतो. आधी सांगून ठेवायचं की मी माझ्या निर्णयासाठी विचारतेय. नाहीतर समोरचीला वाटतं, ही उलटतपासणी कसली?

स्टुडिओवाल्या मैत्रिणीचा आठवडा ऐकून या बाई चकित झाल्या. चाकावर बसणं आठवड्यातून जेमतेम दीड दिवस. उरलेला वेळ माती मळणं, भांडी पूर्ण वाळायची वाट पाहणं (ओल राहिली तर भट्टीत वाफ होऊन भांडं फुटतं), एकदा कच्ची भाजणी, मग झिलई लावून दुसरी भाजणी, खोकी भरणं, वाटेत फुटलेल्या मालाचे पैसे परत करणं आणि थकलेली बिलं मागणं. विभागप्रमुख मैत्रिणीने सांगितलं की तिच्या दिवसाचा मोठा भाग इतरांच्या तंट्यांत आणि सुट्ट्यांच्या वेळापत्रकात जातो. हिशेबाचं काम, जे तिला आवडायचं, ते हातून सुटलं.

आता खरी कसोटी. पूर्ण आठवडा ऐकल्यावरही हेवा उरतो का? विरला तर तो फोटोचा हेवा होता, सोडून द्यावा. उरला तर कशाचा उरला, ते बारकाईने पाहावं, कारण तिथे स्वतःची खरी इच्छा सापडते. यांचा धंद्याचा हेवा गेला. हाताने काहीतरी घडवण्याचा तसाच राहिला.

आणि मग पुढे आली पुस्तकबांधणी. तोवर त्यांनी तिचा उल्लेखच केला नव्हता. आठवड्याच्या 168 तासांचा तक्ता भरून घेतला तेव्हा ती सापडली: नोकरी 49, प्रवास 11, झोप 48, घरकाम 15, फोन 17 (त्यांचा अंदाज सहा-सातचा होता), आईवडील 6, जेवण-आंघोळ आणि किरकोळ 17, आणि एका रकान्यात बारीक अक्षरात 'पुस्तकं, 5'. विचारल्यावर म्हणाल्या, "तो आपला विरंगुळा." पण वर्षअखेरीच्या हिशेबाच्या धांदलीतही तो पाच तासांचा रकाना रिकामा राहिला नव्हता. सुटलेल्या पानांची जुनी पुस्तकं उसवायची, फर्मे (दुमडलेल्या पानांचे जुडगे) पुन्हा दाभणाने टोचून मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायचे, कण्याला खळ लावून दाबाखाली ठेवायचं. थकलेलं असतानाही माणूस जिथे आपणहून परततो, ती आवड पक्की समजावी. अशा आवडीला 'नुसता विरंगुळा' म्हणून झटकण्याची सवय मला अनेक बायकांत दिसते आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

डोनाल्ड सुपर या मानसशास्त्रज्ञांनी 1980 मध्ये करिअरचं जे इंद्रधनुष्य मांडलं, त्यात आयुष्यातल्या प्रत्येक भूमिकेची एक पट्टी असते आणि नोकरदार ही त्यातली फक्त एक. लेक, विद्यार्थी, नागरिक, घर चालवणारी, फुरसतीत रमणारी या पट्ट्याही करिअरचाच भाग धरल्या आहेत, आणि वयानुसार त्या जाड-बारीक होत जातात. कागदावर सहा कमानी काढून सध्याची जाडी एका रंगाने आणि पाच वर्षांनी हवी असलेली दुसऱ्या रंगाने भरायला सांगितलं की बोलणं सोपं होतं. यांनी नोकरीची पट्टी आहे तेवढीच ठेवली. फुरसतीची दुप्पट केली.

आवड सापडली की लगेच राजीनाम्याची भाषा सुरू होते. तिथे थांबवावं लागतं. आधी छोटी परीक्षा: 12 आठवडे, आठवड्याला 4 तास, आणि शेवटी ओळखीच्या नसलेल्या माणसाकडून पैसे घेऊन एक काम पुरं करायचं. ओळखीची माणसं कौतुक करतात, अनोळखी माणूस मुदत पाळायला लावतो. या परीक्षा फसतात त्या ठरावीक कारणांनी. कुणी हत्यारं आणि सामान घेण्यातच वेळ-पैसा घालवतं, कुणी एकामागून एक वर्ग लावतं आणि स्वतः काही पुरं करत नाही, आणि बहुतेक जणी तो वेळ रात्री दहाला ठेवतात, जेव्हा अंगात त्राण नसतं. यांनी शनिवार सकाळ राखून ठेवली.

त्यांना 12 वह्यांचं काम मिळालं. तीन वह्यांचे पुठ्ठे खळ वाळल्यावर धनुष्यासारखे वाकले. कागदाच्या आणि पुठ्ठ्याच्या तंतूंना एक दिशा असते आणि ती कण्याला समांतर असावी लागते. घाईत तीन पुठ्ठे आडवे कापले गेले होते. त्यांनी ते उसवून पुन्हा केले. मग प्रत्येक वहीचे तास आणि सामान मांडून पाहिलं, तर तासाची कमाई नोकरीच्या मानाने फारच थोडी. हिशेबनीस बाईंना आकड्यांनी आपोआप सांगितलं की यावर घर चालणार नाही. त्याच वेळी त्यांना हेही कळलं की वाकलेले पुठ्ठे उसवतानाही त्यांना कंटाळा आला नव्हता.

ज्यांना नोकरी सोडायचीच असते, त्यांनी मागच्या सहा महिन्यांचं बँकेचं खातं उघडून अत्यावश्यक खर्च काढावा. मनातला आकडा जवळजवळ नेहमीच कमी असतो, कारण विम्याचा हप्ता, दुरुस्ती, दवाखाना असे वर्षातून एकदाचे खर्च विसरले जातात. ते बारा महिन्यांत विभागून मिळवावेत. असे किमान सहा महिने, आणि उत्पन्न अनियमित असणार असेल तर वर्षभर पुरतील एवढे पैसे बाजूला असल्याशिवाय राजीनामा लिहू नये.

राहिला मुलाचा प्रश्न, आणि तो मुद्दाम वेगळा काढावा लागतो. बर्निस न्यूगार्टन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1960 च्या दशकात 'सामाजिक घड्याळ' मांडलं: लग्न कधी, नोकरीत स्थिर कधी, मूल कधी, याची प्रत्येक समाजाची ठरलेली वेळ असते आणि ती चुकली की माणसाला आपण उशीर केला असं वाटतं. हे घड्याळ बदलतं. पद, स्वतःचं घर, नवं शिक्षण, कला यांना 36 व्या वर्षी उशीर झालेला नसतो. गर्भधारणेच्या बाबतीत मात्र शरीराचं घड्याळ खरं आहे. बीजांची संख्या आणि गुणवत्ता दोन्ही वयानुसार घटतात, पस्तिशीनंतर अधिक वेगाने. इथे "होईल गं सगळं" म्हणणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. मूल हवंच, असं ठरलं नसलं तरी स्त्रीरोगतज्ज्ञांशी एकदा बोलून घ्यावं. एएमएच ही रक्ततपासणी बीजांच्या शिल्लक साठ्याचा अंदाज देते. त्यांची गुणवत्ता किंवा नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही, हे ती सांगत नाही. तो आकडा पाहून निश्चिंत होऊ नये, खचूनही जाऊ नये. बीजं गोठवून ठेवता येतात, पण त्यातून मूल होईलच अशी हमी नसते, आणि वय जितकं कमी तितकी शक्यता बरी.

बाईंनी भेट घेतली. मूल हवं की नको, हे त्यांचं अजून ठरलेलं नाही, पण कधीपर्यंत ठरवायचं ती तारीख त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. घोळत ठेवण्यापेक्षा हे पुष्कळ बरं.

टीम लीडचं पद त्यांनी नाकारलं आणि त्याऐवजी आपल्याच कामात वरची श्रेणी मागितली. मागताना 'मला जमणार नाही' असं म्हटलं नाही. गेल्या दोन वर्षांत त्यांनी पकडलेल्या चुका आणि त्यातून कंपनीचे वाचलेले पैसे एका पानावर मांडले. श्रेणी मिळाली. चार दिवसांच्या आठवड्याची मागणी फेटाळली गेली. बुधवारी चारला निघायची मुभा मिळाली.

एक सावधगिरीची गोष्ट. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस मन उदास असेल, आवडीचंही नको वाटत असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर वह्या-तक्ते बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटावं. मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी. अशा अवस्थेत मोठे निर्णय घेऊ नयेत.

मैत्रिणींच्या गटात "मग तुझं काय नवीन?" हा प्रश्न येतोच, आणि या बाई तो टाळण्यासाठी भेटी टाळू लागल्या होत्या. त्यावर एक उत्तर आधीच तयार ठेवलं: जे चाललंय त्यातलं एक काम सांगायचं आणि लगेच समोरचीला तिच्या मागच्या मंगळवारबद्दल विचारायचं. परवाच्या भेटीत विभागप्रमुख मैत्रीण तासभर त्या मंगळवारावर बोलली, आणि शेवटी तिच्या आजीची पोथी बांधून देशील का, असं विचारलं. पोथीचे कागद फार ठिसूळ झालेत. या बाई बुधवारी बसून आधी पानं मोजणार आहेत.