एआय चॅटला फक्त आपल्याच कागदांवरून उत्तर द्यायला कसं लावायचं?

तुमचा प्रश्न असा आहे की सोसायटीचे उपविधी (म्हणजे तिची नियमावली) आणि शासन निर्णय जोडूनही चॅट असिस्टंट मनचंच सांगतो, मग त्याला त्या कागदांना धरून बोलायला कसं लावायचं? मी आमच्या सोसायटीची सचिव आहे आणि ह्यात बरीच ठेचकाळले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी, त्याला कागद वाचता येतोय का ते बघा. आपल्याकडचे जुने शासन निर्णय एकतर स्कॅन केलेले असतात, नाहीतर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतं, पण एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका, भलतीच चिन्हं उमटतात. असिस्टंटच्याही हाती बरेचदा तेवढंच लागतं आणि उरलेलं तो आधी शिकलेल्यातून भरून काढतो. अशा वेळी पानाचा फोटो काढून त्यावरून मजकूर उतरवून घ्या, एकदा मुळाशी ताडून पाहा आणि मग तो द्या. नुसती लिंक देऊन भागत नाही. ती न उघडताच नावावरून अंदाजानं उत्तर आलेलं मी पाहिलंय.

आमच्याकडे एका सभासदानं फ्लॅट भाड्यानं दिला, तेव्हा नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क, किती लावायचे हा प्रश्न आला. असिस्टंटनं उपविधी क्रमांकासकट छान उत्तर दिलं. पुस्तक उघडलं तर त्या क्रमांकावर पार्किंगचा नियम! मग मी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खालचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश चॅटमध्ये पेस्ट केला आणि लिहिलं: "फक्त खालच्या मजकुरावरून उत्तर दे. प्रत्येक मुद्द्यापुढे मूळ वाक्य जसंच्या तसं लिही. मजकुरात नसेल तर 'यात नाही' एवढंच लिही." तेव्हा बरोबर उत्तर आलं: सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि त्या सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत.

ह्यातलं "मूळ वाक्य जसंच्या तसं" सोडू नका. ते वाक्य फाइलमध्ये शोधायचं. सापडलं नाही तर उत्तर बाद. "यात नाही" म्हणायची मुभाही हवीच, नाहीतर काहीतरी उत्तर द्यायचंच म्हणून तो रचून सांगतो.

कागद बरेच असतील तर गूगलचं नोटबुकएलएम बघा. ते तुम्ही चढवलेल्या फाइलींवरूनच उत्तर देण्यासाठी बनवलंय. उत्तरातल्या वाक्यापुढच्या संदर्भाच्या आकड्यावर क्लिक केलं की मूळ उतारा समोर येतो. तिथेही तो उतारा वाचाच, कारण कधीकधी उतारा खरा असतो आणि त्यातून काढलेला अर्थ चुकीचा.

मी प्रत्येक नव्या फाइलवर आधी एक खोटा प्रश्न टाकते. आमच्याकडे स्विमिंग पूल नाही, उपविधींत त्याचा शब्दही नाही, तरी "पूलची फी किती?" असं विचारते. "यात नाही" आलं तरच पुढचं विचारते. आणि सभासदांच्या फोन नंबरांची यादी मात्र कुठेच चढवू नका.