ऐरोलीच्या फाइल सर्व्हरवर यूडिस्क्स हवं का?

ऐरोलीच्या ऑफिसात जुन्या पीसीचा लिनक्स फाइल सर्व्हर केलाय, त्याला मॉनिटर नाही, आणि यूडिस्क्स (डिस्क जोडण्या-काढण्याचं काम करणारी सेवा) बंद केलं तर बॅकअपची यूएसबी डिस्क माउंट व्हायची, म्हणजे फोल्डरला जोडली जायची, थांबेल का, असं तुम्ही विचारलंय. एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना कोणत्या डिस्क माउंट करायच्या, त्या यादीच्या फाइलमध्ये) तिची ओळ असेल तर थांबणार नाही. खुशाल बंद करा.

यूडिस्क्स स्वतःहून काहीच माउंट करत नाही. लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला की डेस्कटॉप त्याला सांगतो आणि ते रूटचा (मुख्य अ‍ॅडमिनचा) पासवर्ड न मागता काम करून देतं. तुमच्याकडे डेस्कटॉपच नाही, म्हणजे सांगणारंही कोणी नाही. मात्र नुसतं डिसेबल करू नका. डी-बसवरून (प्रोग्रॅम एकमेकांना निरोप देतात त्या वाटेने) कोणी हाक मारली की ते परत उठतं. मास्क करा, म्हणजे कोणी हाक मारली तरी ते उठणार नाही. कॉकपिटमधून (ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायच्या साधनातून) डिस्क सांभाळत असाल तर राहू द्या, त्याचं स्टोरेजचं पान यूडिस्क्सवरच चालतं.

खरं लक्ष द्या ते एफएसटॅबच्या त्या ओळीकडे. तिथे एसडीबी१ असं नाव नको, यूयूआयडी (त्या डिस्कचा स्वतःचा ओळख क्रमांक) टाका. दुसरी डिस्क लावली की नावं बदलू शकतात. आणि नोफेल (डिस्क नसली तरी अडून न बसता पुढे जा, असं सांगणारा शब्द) हवंच. पावसाळ्यात रात्री वीज गेली, परत आली, मशीन सुरू झालं पण यूएसबी डिस्क उठली नाही, तर नोफेलशिवाय सिस्टिमडी (मशीन सुरू करणारी यंत्रणा) ९० सेकंद वाट बघतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये जातं. मग एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन, बंद, आणि कोणीतरी कीबोर्ड घेऊन ऐरोली गाठायची.

पण नोफेलमुळे दुसरा धोका येतो, आणि तो फार कमी लोक सांगतात. डिस्क माउंट झालेली नसली तरी तिचं फोल्डर जागेवर असतंच. बॅकअपची स्क्रिप्ट त्यातच लिहीत सुटते, मुळातली डिस्क भरते आणि सगळं ठप्प होतं. शिवाय बॅकअप झालाय असा तुमचा समज, तो वेगळाच. म्हणून डिस्क अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरवर 'चॅटर +आय' (chattr +i, फोल्डरमध्ये बदल बंद करणारी आज्ञा) चालवा. मग रूटलाही तिथे लिहिता येत नाही, माउंट मात्र नेहमीसारखं होतं. स्क्रिप्टच्या सुरुवातीला डिस्क खरंच माउंट आहे का हे बघणारी 'माउंटपॉइंट -क्यू'ची (mountpoint -q) तपासणीही घाला.

ऑटोएफएस (फोल्डर उघडल्यावर आपोआप माउंट करणारं वेगळं साधन) तुम्हाला लागणार नाही. पुढेमागे नेटवर्कवरचा शेअर जोडलात, तर त्याच्या ओळीत 'एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट' लिहिलं की फोल्डर उघडल्यावरच तो माउंट होतो. ऑफिसातल्या लॅपटॉपवरचं यूडिस्क्स मात्र काढू नका, पेनड्राइव्ह लावणाऱ्यांची रोज अडचण होईल.